चार स्क्रूंवर उभा असलेला बाजार

जुना फेंडर बेस, म्हणजे फेंडर कंपनीची खर्जात वाजणारी विजेवरची गिटार, विकायला निघाला की जाणकार गिऱ्हाईक तो आधी वाजवून बघत नाही. तो पालथा घालतो, मागच्या पट्टीचे चार स्क्रू काढतो आणि नेकचा (मानेचा) बुंधा उजेडात धरतो. तिथे पेन्सिलने किंवा शाईच्या शिक्क्याने तारीख घातलेली असते. मग पिकगार्ड (दर्शनी पट्टी) उघडून पॉटवरचे (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागावरचे) आकडे, सोल्डरचे टाके, पोकळीतला रंग. वाजवायची पाळी सगळ्यात शेवटी. एखाद्या जुन्या व्हायोलिनची मान कोणी अशी उचकटायला घेतली, तर मालक त्याला दाराबाहेर काढेल. बेस गिटारच्या बाजारात मात्र मान न उचकटता पैसे मोजणाऱ्याला भोळा म्हणतात.

हे असं आहे, कारण हे वाद्य मुळात उघडता यावं म्हणूनच बनवलेलं आहे. ते एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या डोक्यातून निघालं.

त्याच्या आधीही प्रयत्न झाले होते. अमेरिकेतल्या सिएटल शहरात पॉल टुटमार्क यांनी 1930च्या दशकाच्या मध्यात ‘ऑडिओव्हॉक्स 736’ हा फ्रेट (बोट कुठे दाबायचं ते ठरवणाऱ्या, मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) असलेला, भरीव लाकडाचा, आडवा धरून वाजवायचा विजेवरचा बेस काढला होता. कल्पना जवळजवळ पूर्ण होती, पण ती चालली नाही. उरलेली मोजकी वाद्यं आज संग्राहकांच्या हाती लागली तर बातमी होते.

लिओ फेंडर यांनी 1938 मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावी रेडिओ दुरुस्तीचं दुकान थाटलं. ते हिशेबनिसाचं शिक्षण घेतलेले, इलेक्ट्रॉनिक्स स्वतःचं स्वतः शिकलेले. गिटार वाजवणं त्यांना कधीच आलं नाही. माझ्या मते हे पथ्यावरच पडलं. वादकाला वाद्य हा जिव्हाळ्याचा विषय असतो, मेकॅनिकला ते परत दुकानात येणारं यंत्र दिसतं. दुकानात बिघडलेले अ‍ॅम्प्लिफायर यायचे, तेव्हा कुठला भाग आधी जातो आणि तो बदलायला किती खटपट पडते, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं.

1951 मध्ये त्यांनी ‘प्रिसिजन बेस’ आणला. उभा डबल बेस अवजड, गाडीत न मावणारा, आणि ट्रंपेट-ट्रॉम्बोनचं ब्रास सेक्शन पेटलं की ऐकूच न येणारा. शिवाय त्याला फ्रेट नाहीत, त्यामुळे सूर बरोबर लागणं सर्वस्वी बोटांवर. नव्या वाद्याला फ्रेट होते, म्हणून सूर अचूक, म्हणून नाव प्रिसिजन. तारेची लांबी 34 इंच ठेवली आणि आजही बहुतेक बेसची तीच आहे. खरी क्रांती मात्र मागच्या बाजूला होती. नेक सरसाने चिकटवलेली नव्हती. लाकडाच्या खाचेत बसवून चार स्क्रूंनी आवळलेली होती. (या रचनेला जगभर ‘बोल्ट-ऑन’ म्हणतात. बोल्ट त्यात एकही नाही, चारही साधे लाकडाचे स्क्रू आहेत, पण नाव चिकटलं ते चिकटलं.) नेक वाकली, फ्रेट झिजले, तर ती काढायची आणि दुसरी बसवायची. महिनाभराचं कारागिराचं काम पंधरा मिनिटांवर आलं.

नेकच्या आतल्या पोलादी सळीचं श्रेय मात्र फेंडरचं नाही. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांनी 1920च्या दशकाच्या सुरुवातीलाच तिचं पेटंट मिळवलं होतं. बेसच्या जाड तारा नेकला सतत पुढे ओढतात. आतली सळी आवळली की नेक मागे जाते, ढिली केली की पुढे येते. बेसची देखभाल म्हणतात ती निम्मी याच सळीभोवती फिरते. जुन्या वाद्यात तिचा नट गोल झालेला किंवा आटे संपलेली सळी निघाली, तर बाकी सगळं झगझगीत असूनही सौदा तिथेच मोडतो.

बेस आला तसा त्याला पेलणारा अ‍ॅम्पही लागला. फेंडरनेच 1952 मध्ये 15 इंची स्पीकरचा ‘बासमन’ काढला. पुढे त्याचं चार 10 इंची स्पीकरचं रूप आलं आणि ते गिटारवाल्यांनीच पळवलं. लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानातल्या मंडळींनी 1962 च्या सुमाराला पहिला मार्शल अ‍ॅम्प बनवला, तो याच बासमनच्या सर्किटवर बेतून. बेसवाल्यांची तहान भागवली ती अ‍ॅम्पेगने. एव्हरेट हल यांची ही कंपनी. डबल बेसच्या पायाच्या खुंटीत मायक्रोफोन बसवण्याची त्यांची युक्ती होती, आणि ‘अ‍ॅम्प्लिफाइड पेग’वरून कंपनीचं नाव पडलं. 1960 मध्ये त्यांनी ‘पोर्टाफ्लेक्स बी-15’ आणला. प्रवासात अ‍ॅम्प खोक्याच्या आत उलटा लटकतो, वाजवताना झाकण पालथं केलं की वर येऊन बसतो. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमर्सनही तो वापरत. त्यांच्या आवाजाची बाकी सामग्री: 1962 चा प्रिसिजन, जाड गुळगुळीत तारा, ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा. तारा तुटल्याशिवाय बदलायच्या नाहीत, हा त्यांचा नेम. देखभालीबद्दलचे सगळे उपदेश या एका माणसापुढे ओशाळतात.

गुळगुळीत तारा फ्रेटना फारशा खात नाहीत. 1966 मध्ये इंग्लंडमध्ये ‘द हू’ या रॉक बँडचे जॉन एंटविसल यांनी रोटोसाउंडच्या जेम्स हाऊ यांच्यासोबत बेससाठी पोलादी राउंडवाउंड (गोल तार गुंडाळलेल्या, खरबरीत) तारा घडवून घेतल्या. पियानोसारखा खणखणीत आवाज आला. सोबत कानशीही आली, कारण या तारा फ्रेटवर घासल्या की त्यांच्या धातूत खाचा पडतात. फ्रेट ड्रेसिंग (फ्रेट घासून सारखे करणं) आणि रिफ्रेटिंग (नवे बसवणं) ही आज बेस दुरुस्तीतली रोजची कामं आहेत, ती बऱ्याच अंशी या तारांची देणगी. फ्रेट नसलेल्या नेकवर याच तारा लाकूडच खरवडतात. बेसवादक जॅको पास्टोरियस यांनी आपल्या 1962 च्या फेंडर जॅझ बेसचे फ्रेट काढले, खाचा भरल्या आणि वर बोटींना लावतात तो इपॉक्सी ओतला. शोभेसाठी नव्हे, तारांपासून लाकूड वाचवायला. आज फ्रेटलेस नेकवर इपॉक्सी चढवून देणारे कारागीर तोच उपाय जरा नेटकेपणाने करतात.

1965 च्या जानेवारीत लिओ फेंडर यांनी प्रकृतीच्या काळजीने कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीला 1 कोटी 30 लाख डॉलरला विकली. जुन्या बेसच्या बाजाराचा जन्मदिवस ठरवायचा तर मी हाच धरेन. पुढच्या काही वर्षांत उत्पादन वाढलं, खर्चात काटछाट झाली, पातळ नायट्रोसेल्युलोज लॅकरऐवजी जाड पॉलिएस्टर आलं. वादकांना जुनीच वाद्यं बरी वाटू लागली आणि ‘प्री-सीबीएस’ हा शब्द रूढ झाला. तोवर वापरलेला बेस म्हणजे जुना माल, नव्यापेक्षा स्वस्त. आता नवा स्वस्त आणि जुना महाग अशी उलटी गंगा वाहू लागली. जॉर्ज ग्रून यांनी 1970 मध्ये नॅशव्हिलमध्ये जुन्या वाद्यांचं दुकान उघडलं ते याच वाऱ्यावर. 1982 मध्ये तर खुद्द फेंडरने 1957 आणि 1962 च्या बेसच्या प्रतिकृती बाजारात आणल्या. आपला जुना माल नव्यापेक्षा सरस होता, याची याहून मोठी कबुली कोणती? 1985 मध्ये कंपनीतल्याच माणसांनी बिल शुल्ट्झ यांच्या पुढाकाराने ती सीबीएसकडून परत घेतली.

भाव चढले आणि चार स्क्रूंची दुसरी बाजू उघडी पडली. जे सहज बदलता येतं, ते बदललेलं असू शकतं. 1962 ची नेक, 1971 ची बॉडी, कालपरवाचे पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारे चुंबकी भाग) आणि घरी चिकटवलेला लोगो, असा चांगला वाजणारा बेस तयार होतो. वाजवायला त्यात काही खोट नाही. खोट आहे ती ‘अस्सल 1962’ म्हणून विकण्यात. त्यातून तारीखशास्त्र जन्माला आलं. पॉटच्या पाठीवर आकडे असतात: पहिले तीन कारखान्याचे, मग वर्ष आणि आठवडा. 304-6432 म्हणजे स्टॅकपोल कंपनी, 1964, बत्तिसावा आठवडा. 137 म्हणजे सीटीएस. पण फेंडरने 1966 मध्ये पॉटचा एवढा साठा घेतला की तो पुढे अनेक वर्षं वापरला गेला, तेव्हा वाद्य ‘याच्या आधीचं नाही’ एवढंच या आकड्यांवरून कळतं. नेकवरची तारीख त्या नेकची, वाद्य जुळवल्याची नव्हे. मागच्या पट्टीवरचा सीरियल नंबर सगळ्यांत कमी भरवशाचा; छापील पट्ट्या डब्यात पडलेल्या असायच्या, हाताला येईल ती लावायचे. एक पुरावा काहीच सिद्ध करत नाही. चार पुरावे एकमेकांशी भांडत नसतील, तर गोष्ट पुढे सरकते.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र लबाडीने केलेलं नाही, हौसेने केलं. 1960च्या दशकाच्या अखेरीस उघड्या लाकडाची टूम निघाली आणि लोकांनी सँडपेपर घेऊन मूळ रंग उडवला. बीटल्सच्या पॉल मॅककार्टनी यांच्या रिकनबॅकर बेसवर 1967 मध्ये रंगीबेरंगी नक्षी आली, नंतर ती खरवडून लाकूड उघडं केलं गेलं. त्यांचा बेस कोणी नाकारणार नाही. तुमच्या-आमच्या बेसचा रंग नवा असेल, तर किंमत निम्मी, हा बाजारातला ढोबळ हिशेब. म्हणून आज कुशल कारागीर रंग लावण्याआधी दहादा विचारतो. नायट्रो लॅकर पिवळं पडतं: पांढरा रंग सायीसारखा होतो, लेक प्लॅसिड ब्लूसारखा निळा हिरवट दिसू लागतो. अतिनील दिव्याखाली जुनं लॅकर हिरवट-पिवळं चमकतं आणि नंतर मारलेले ठिगळ काळपट दिसतात. दुसरा प्रकार याहून वाईट. भाव एवढे चढले की अख्ख्या बेसपेक्षा सुट्या भागांची बेरीज अनेकदा जास्त भरते. मग सुस्थितीतलं वाद्यही उकललं जातं. पिकअप एकाला, क्रोमची झाकणं दुसऱ्याला, नेक तिसऱ्याला. मला विचाराल तर बनावट लोगोपेक्षा हे जास्त खटकतं.

चोरीचा मालही याच वाटेने फिरतो. जेमर्सन यांचा बेस 1983 मध्ये त्यांच्या मृत्यूच्या थोडंच आधी गेला, तो अजून मिळालेला नाही. जॅकोंचा बेस तुकड्यांतून पुन्हा जोडून मिळाला आणि 1986 मध्ये न्यूयॉर्कमध्ये चोरीला गेला. वीस वर्षांनी उगवला, आणि मेटॅलिका बँडचे बेसवादक रॉबर्ट ट्रुहिओ यांच्या मदतीने 2010 मध्ये त्याचा तंटा मिटला. मॅककार्टनी यांनी 1961 मध्ये हॅम्बुर्गला घेतलेला ह्योफनर बेस 1972 मध्ये लंडनमध्ये गाडीतून चोरला गेला. तो सापडून परत मिळाल्याचं 2024 मध्ये जाहीर झालं. त्यावर 1964 मध्येच नवा रंग चढवलेला होता. निम्म्या किमतीचा नियम तिथे लावून दाखवा.

लाकडाचा प्रश्न तर थेट कायद्यात गेला. 1959 पासून काही वर्षं फेंडर बेसच्या फिंगरबोर्डला (नेकवरच्या, बोटं टेकवायच्या फळीला) ब्राझिली रोझवुड वापरलं जाई. 1992 मध्ये ते साइट्स या, दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वांत कडक बंधनात गेलं. 2017 मध्ये उरलेल्या सगळ्या रोझवुड जातीही दुसऱ्या परिशिष्टात आल्या आणि साधा बेस सीमेपार विकतानाही परवान्याची कटकट सुरू झाली. 2019 च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली. ब्राझिली रोझवुडला ती नाही.

अ‍ॅम्पच्या जगात तारखा शोधणं थोडं सोपं. जुन्या फेंडर अ‍ॅम्पच्या आत ट्यूबची (व्हॉल्व्हची) यादी चिकटवलेली असते आणि तिच्यावर दोन अक्षरांचा शिक्का: पहिलं वर्षाचं, ए म्हणजे 1951, दुसरं महिन्याचं. कठीण आहे ते त्याला हात लावणं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आतून वाळतात, मग घरघर येते, ट्रान्सफॉर्मर तापतो. ते बदलणं ही चैन नाही, सर्व्हिसिंग आहे. तरी काही संग्राहक ‘मूळ कपॅसिटर’ म्हणून जादा पैसे मागतात. जुन्या अमेरिकन अ‍ॅम्पना दोनच पिनांची वायर असायची आणि मेन्सपासून चेसीला जोडलेला एक कपॅसिटर. तो शॉर्ट झाला तर चेसी, गिटारच्या तारा आणि वादकाची बोटं एकाच सर्किटमध्ये. कारागिरांत त्याचं नावच ‘डेथ कॅप’. तो काढून अर्थिंगची तीन पिनांची वायर घालणं हा एकमेव बदल असा, ज्यावर अस्सलपणाचे भक्तसुद्धा कुरकुर करत नाहीत.

1969 मध्ये अ‍ॅम्पेगने 300 वॉटचा एसव्हीटी काढला आणि रोलिंग स्टोन्सनी त्या वर्षीच्या अमेरिका दौऱ्यावर तो नेला. चौदा ट्यूब, आत सुमारे 700 व्होल्ट, नुसता हेडच (स्पीकरशिवायचा अ‍ॅम्प) 40 किलोच्या आसपास, खाली आठ-आठ 10 इंची स्पीकरची दोन कॅबिनेट. सुरुवातीच्या एसव्हीटीत 6146 जातीच्या पॉवर ट्यूब होत्या, पुढे 6550 आल्या. त्यामुळे जुना एसव्हीटी घेताना पहिला प्रश्न आवाजाचा नसतो, कुठल्या ट्यूब बसतात हा असतो. एकेकाळी ट्यूबचे कारखाने रेडिओ-टीव्हीच्या जिवावर चालत. ट्रान्झिस्टर आला आणि ते मिटले. आज नव्या ट्यूब मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून येतात.

ट्रान्झिस्टरने बेसच्या आतही शिरकाव केला. अलेम्बिक कंपनीने वाट दाखवली आणि 1976 मध्ये म्युझिक मॅनचा ‘स्टिंगरे’ 9 व्होल्टच्या बॅटरीवरचा प्रीअँप (तारांचा क्षीण सिग्नल वाढवणारं सर्किट) घेऊन मोठ्या प्रमाणावर विक्रीला आला. या कंपनीत स्वतः लिओ फेंडर होते. गंमत अशी की सुरुवातीच्या स्टिंगरेमध्ये प्रीअँपचं सर्किट इपॉक्सीत बुडवून बंद केलेलं असे. चार स्क्रूंवर नेक बसवणाऱ्या माणसाच्या वाद्यात पहिल्यांदाच असा भाग आला, जो उघडून दुरुस्त करता येत नाही.

अ‍ॅम्पने तोच रस्ता धरला. उष्णतेत वीज कमी घालवणाऱ्या क्लास-डी तंत्राने 2000 नंतर 500 वॉटचा हेड दोन-तीन किलोंवर आणला, निओडिमियम चुंबकांनी कॅबिनेट हलकी केली. पाठीचं दुखणं ज्यांनी भोगलंय ते मागे वळून पाहत नाहीत. पण आतलं पॉवर मॉड्यूल म्हणजे दाटीवाटीने बसवलेल्या बारीक भागांचा बोर्ड. जळला तर दुकानदार तो मोजतही नाही, अख्खा बदलतो, आणि कंपनीने ते मॉड्यूल बंद केलं असेल तर हेड परत पाठवतो. दुरुस्तीच्या त्याच बाकावर शेजारी साठ वर्षांचा बी-15 झाकण उलटून पडलेला असतो, आणि त्यात टाकायचा कपॅसिटर ड्रॉवरमध्ये असतो.