राज्य वन्यजीव मंडळ

राज्य वन्यजीव मंडळ : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ६ अन्वये राज्य शासनाने स्थापन करावयाचे वैधानिक सल्लागार मंडळ. मुख्यमंत्री हे त्याचे पदसिद्ध अध्यक्ष, वने व वन्यजीव खात्याचे मंत्री उपाध्यक्ष आणि मुख्य वन्यजीव रक्षक सदस्य सचिव असतात. महाराष्ट्रात प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) हा नागपूरस्थित अधिकारी मुख्य वन्यजीव रक्षक म्हणून काम पाहतो. संरक्षित क्षेत्रांची निवड व व्यवस्थापन, वन्यजीव धोरणाची आखणी, अधिनियमाच्या अनुसूचींतील (संरक्षित प्राणी-वनस्पतींच्या याद्यांतील) बदल आणि आदिवासी व वनांवर अवलंबून असलेल्या लोकांच्या गरजांचा वन्यजीव संरक्षणाशी मेळ घालणे, या बाबतींत शासनाला सल्ला देणे हे मंडळाचे काम होय. अंमलबजावणीचे अधिकार मंडळाकडे नाहीत. माणसांच्या जिवाला धोकादायक ठरलेल्या वाघ-बिबट्याला पकडण्याचा किंवा ठार मारण्याचा आदेश कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक काढतो. २०१८ साली यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा परिसरातील वाघिणीला ठार मारण्यावरून वाद पेटला, तेव्हा वृत्तपत्रीय चर्चेत ‘वन्यजीव मंडळ’ आणि ‘वन्यजीव रक्षक’ या दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली दिसे, म्हणून हा भेद आरंभीच नोंदवणे आवश्यक आहे.

अशा मंडळांची परंपरा स्वातंत्र्यानंतर लगेच सुरू होते. १९५२ साली केंद्र शासनाने वन्यजीवांसाठी मध्यवर्ती मंडळ नेमले, त्याचे अध्यक्षपद म्हैसूरचे महाराज जयचामराज वडियार यांच्याकडे होते. पुढे भारतीय वन्यजीव मंडळ म्हणून ओळखल्या गेलेल्या या मंडळाच्या सदस्यांत आसामातील चहामळेवाले ई. पी. जी (E. P. Gee) यांचाही समावेश होता. संस्थानिक, मळेवाले, निवृत्त वनाधिकारी आणि पक्षिशास्त्रज्ञ अशा मंडळींच्या हाती त्या काळी वन्यजीवांचा प्रश्न होता. त्यांतील अनेकांची जंगलाशी पहिली ओळख बंदुकीच्या नळीमागून झालेली होती, आणि प्राणी कमी होत चालल्याची जाणीवही त्यांनाच आधी झाली, यात वरकरणी वाटतो तेवढा विरोधाभास नाही. मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य पशुपक्षी संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. त्याच्या घडणीत पक्षिशास्त्रज्ञ हुमायून अब्दुलअली यांचा मोठा वाटा होता. म्हणजे शासनाबाहेरच्या अभ्यासकाने कायद्याच्या कामाला हात लावण्याची प्रथा या प्रदेशात मंडळांहूनही जुनी आहे.

१९७२ च्या अधिनियमाने राज्यांमध्ये वन्यजीव सल्लागार मंडळे आणली. त्यांचे अध्यक्ष वनमंत्री असत. २००२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २००३ पासून अमलात आली, या सल्लागार मंडळांची जागा आजच्या राज्य वन्यजीव मंडळांनी घेतली आणि अध्यक्षपद मुख्यमंत्र्यांकडे गेले. त्याच दुरुस्तीत एक बारीकसा शब्दबदल आहे, तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. आधीच्या मजकुरात आदिवासी प्रतिनिधी ‘तीनहून अधिक नसतील’ असे म्हटले होते, नव्या मजकुरात अनुसूचित जमातींचे ‘किमान दोन’ प्रतिनिधी असावेत असे आले. जी कमाल मर्यादा होती तिच्या जागी किमान मर्यादा आली. संख्या फारशी हलली नाही, पण कायद्याची नजर बदलली.

कलम ६ मधील यादी मोजली तर सदस्यसंख्या ३१ भरते. मुख्यमंत्री, वनमंत्री आणि विधिमंडळाचे तीन सदस्य असे पाच लोकप्रतिनिधी. वन्यजीव क्षेत्रात काम करणाऱ्या अशासकीय संस्थांचे तीन प्रतिनिधी आणि नामवंत संवर्धक, परिसंस्थाशास्त्रज्ञ व पर्यावरणतज्ज्ञ यांतून शासनाने नेमलेल्या दहा व्यक्ती असे तेरा अशासकीय सदस्य. उरलेले तेरा अधिकारी किंवा शासकीय संस्थांचे प्रतिनिधी. अशासकीय तेरा आणि शासकीय तेरा असा हा तराजू कागदावर समतोल दिसतो. पाच लोकप्रतिनिधी कोणत्या पारड्यात बसतात, हे दर बैठकीच्या विषयपत्रिकेवर ठरते.

शासकीय तेरांची निवड पहिल्या वाचनात अघळपघळ वाटते. वनसचिव आणि वनविभागाचे प्रमुख असणारच, पण पोलीस महानिरीक्षक, लष्करातील ब्रिगेडियर, पशुसंवर्धन संचालक, मत्स्यव्यवसाय संचालक, पर्यटन विकास महामंडळाचे व्यवस्थापकीय संचालक यांचे तेथे काय काम, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर अधिनियमाच्या इतर कलमांत सापडते. अभयारण्यापासून पाच किलोमीटरच्या आतील गुरांचे लसीकरण कलम ३३अ नुसार करावयाचे असते, कारण गावच्या जनावरांचे रोग गवे, चितळ यांसारख्या रानातील खुरवाल्यांत शिरतात. ते काम पशुसंवर्धन खात्यावाचून होत नाही. अभयारण्यालगतच्या दहा किलोमीटरच्या पट्ट्यातील शस्त्रधारकांच्या नोंदणीचा विषय कलम ३४ मध्ये येतो, तेथे पोलीस लागतात. अभयारण्यात व्यापारी तत्त्वावर निवासस्थाने बांधण्यावर कलम ३३ ने बंधन घातले आहे, आणि पर्यटन महामंडळाचा संबंध नेमका त्याच्याशी येतो. मत्स्यव्यवसाय संचालकाची खुर्ची समजून घ्यायची तर सिंधुदुर्गातील मालवण सागरी अभयारण्याचे उदाहरण पुरेसे आहे. १९८७ मध्ये घोषित झालेल्या या सुमारे २९ चौरस किलोमीटरच्या क्षेत्राला स्थानिक मच्छीमारांनी दीर्घकाळ विरोध केला, कारण जाळे कुठे टाकायचे आणि कुठे नाही हा प्रश्न थेट चुलीशी जोडलेला होता. आदिवासी विकास सचिवाचे स्थान २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर अधिक वजनदार झाले. लष्कराच्या प्रतिनिधीची नेमणूक मात्र राज्य नव्हे तर केंद्र शासन करते. केंद्रीय वन्यजीव परिरक्षण संचालकांनी नेमलेला अधिकारी, डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, भारतीय वनस्पती सर्वेक्षण आणि भारतीय प्राणी सर्वेक्षण यांचे प्रतिनिधी असे चौघे केंद्रीय व वैज्ञानिक बाजूचे सदस्य आहेत.

या यादीत कोण नाही, हेही पाहण्यासारखे आहे. कृषी, जलसंपदा, ऊर्जा, सार्वजनिक बांधकाम आणि महसूल या खात्यांना कलम ६ मध्ये स्वतंत्र जागा नाही. मंडळापुढे येणाऱ्या प्रस्तावांत रस्ते, कालवे व वीजवाहिन्या वारंवार असतात, तरी त्यांची खाती टेबलाच्या दुसऱ्या बाजूला अर्जदार म्हणून बसतात, हे योग्यच आहे. कृषी खात्याची अनुपस्थिती तेवढी समर्थनीय वाटत नाही. जुन्नर परिसरात बिबट्या उसाच्या फडात पिल्ले वाढवतो, विदर्भात रानडुकरे उभे पीक लोळवतात. त्यामुळे शेतकऱ्याची बाजू मांडण्याचा भार विधिमंडळाच्या तीन सदस्यांवर पडतो.

अशासकीय सदस्यांची पार्श्वभूमी हा मंडळाचा सर्वांत चर्चिला जाणारा भाग आहे. ‘नामवंत’ म्हणजे कोण, याची व्याख्या अधिनियमात नाही. पदवी, अनुभवाची वर्षे किंवा प्रकाशने यांपैकी एकही अट नाही. निवृत्त वनाधिकारी, क्षेत्रीय अभ्यास केलेले प्राणिशास्त्रज्ञ, वन्यजीव छायाचित्रकार, स्वयंसेवी संस्थांचे संस्थापक, मानद वन्यजीव रक्षक म्हणून काम केलेले कार्यकर्ते अशा वेगवेगळ्या वाटांनी आलेली माणसे या दहा जागांसाठी पात्र ठरू शकतात, आणि राजकीय जवळीक एवढीच शिदोरी असलेल्यांनाही कायदा दारात अडवत नाही. निवृत्त वनाधिकाऱ्याला फाइलची भाषा येते, परंतु ज्या खात्यात आयुष्य गेले त्याच्या प्रस्तावाला विरोध करणे त्याला जड जाते. शास्त्रज्ञाकडे आकडे असतात, पण बैठकीत एका प्रस्तावाच्या वाट्याला येणारा वेळ तुटपुंजा असतो. ज्याने त्या जागी चालून पाहिले आहे असा सदस्य, रस्त्याचा कोणता टप्पा ओढ्याला छेदतो आणि तेथूनच सांबरांची वाट जाते, हे नकाशावर बोट ठेवून सांगू शकतो. मंडळाच्या सल्ल्याला खरी किंमत येते ती अशा वेळी.

ही निवड किती कळीची ठरते याचा दाखला राष्ट्रीय पातळीवर मिळतो. पंतप्रधान अध्यक्ष असलेल्या राष्ट्रीय वन्यजीव मंडळात दहा तज्ज्ञ आणि पाच अशासकीय संस्था असाव्यात असे अधिनियम सांगतो. २०१४ मध्ये पुनर्रचना करताना दोनच तज्ज्ञ आणि एकच संस्था, तीही गुजरात शासनाशी संलग्न, नेमण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या मंडळाच्या निर्णयांना स्थगिती दिली.

राज्य मंडळाची बैठक वर्षातून किमान दोनदा व्हावी असे कलम ७ म्हणते. अभयारण्यातून जाणाऱ्या प्रकल्पाचा प्रस्ताव प्रकल्प यंत्रणेकडून उपवनसंरक्षक, मुख्य वनसंरक्षक आणि मुख्य वन्यजीव रक्षक अशा पायऱ्या चढत, प्रत्येकाचा अभिप्राय व नकाशा सोबत घेऊन मंडळापुढे येतो, आणि तेथून शिफारशीसह राष्ट्रीय मंडळाच्या स्थायी समितीकडे, म्हणजे मंडळाच्या वतीने प्रस्ताव तपासणाऱ्या छोट्या समितीकडे जातो. कलम २९ नुसार अभयारण्यातील अधिवासाला बाधा आणणारी परवानगी वन्यजीवांच्या हितासाठीच देता येते, आणि तीही मंडळाशी विचारविनिमय करून. अभयारण्याच्या सीमा बदलायच्या तर राष्ट्रीय मंडळाची शिफारस लागते. सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांतील माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे घोषित झाले होते. गावे, शेते आणि बाजारपेठाही त्यात आल्या. पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. घाईने आखलेली रेघ पुसायला तीन दशके लागतात, हे त्या प्रकरणात दिसले.

महाराष्ट्राच्या मंडळाचे काही निर्णय सर्वसामान्यांच्या परिचयाचे आहेत. जून २०१५ मध्ये ब्लू मॉरमॉन या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा दर्जा देण्याचा निर्णय मंडळाच्या बैठकीत झाला. असे फुलपाखरू ठरवणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. डिसेंबर २०२० च्या बैठकीत चंद्रपूर जिल्ह्यातील कन्हारगाव अभयारण्याला आणि पश्चिम घाटातील अनेक संवर्धन राखीव क्षेत्रांना (अभयारण्यापेक्षा सौम्य निर्बंध असलेल्या संरक्षित क्षेत्रांना) मान्यता मिळाली. आंबोली-दोडामार्ग पट्ट्यातील वाघांच्या वावराच्या दृष्टीने महत्त्वाचे तिलारी क्षेत्र त्याच वर्षी आधीच संवर्धन राखीव झाले होते.

२०२२ च्या दुरुस्तीने कलम ६अ घालून राज्य मंडळांनाही स्थायी समिती नेमण्याची मुभा दिली. उपाध्यक्ष, सदस्य सचिव आणि उपाध्यक्षांनी मंडळातूनच निवडलेले जास्तीत जास्त दहा सदस्य अशी तिची रचना आहे. वेळेची बचत हे तिचे समर्थन. या विधेयकाची छाननी करणाऱ्या संसदीय समितीने मात्र अशी समिती अधिकाऱ्यांनीच भरली जाण्याची भीती व्यक्त करून मंडळाच्या अशासकीय सदस्यांपैकी किमान एक-तृतीयांश तिच्यात असावेत असे सुचवले होते. ती अट मंजूर मजकुरात आली नाही, त्यामुळे ३१ जणांतील कोणते दहा निवडायचे हे उपाध्यक्षांच्या, म्हणजे वनमंत्र्यांच्या हाती राहिले.