एचपीच्या सर्व्हरांची वंशावळ: टिकला तो उपरा

३१ डिसेंबर २०२५ ला एचपी-यूएक्सचा, म्हणजे एचपीच्या युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा, नियमित सपोर्ट संपला. ज्या सर्व्हर रूममध्ये ती चालवणारे एचपीचे इंटेग्रिटी सर्व्हर अजून चालू आहेत, तिथे पुढची वाट साधारण ठरलेली आहे: लिनक्स घ्या, एक्स८६ वर, म्हणजे साध्या पीसीच्याच जातीच्या प्रोसेसरवर या. एचपीकडेच राहायचं असेल तर प्रोलायंट सर्व्हर घ्या. गंमत अशी की प्रोलायंट मुळात एचपीचा नाहीच. तो कॉम्पॅककडून आला आणि ज्या महागड्या मशिनींवर एचपीची ऐट होती, त्यांची जागा त्यानेच घेतली.

एचपी मूळची मोजमापाची उपकरणं बनवणारी कंपनी. भारतात तिचा माल बरीच वर्षं मुंबईच्या ब्लू स्टारमार्फत यायचा. हो, तीच एसीवाली ब्लू स्टार. धंद्याच्या कामासाठी एचपीने काढलेला एचपी ३००० हा संगणक १९७२ मध्ये ग्राहकांकडे गेला आणि इतका रडतखडत चालला की परत घ्यावा लागला. डागडुजी करून पुन्हा आणला, तेव्हा मात्र लोकांनी तो सहजासहजी सोडला नाही. एमपीई ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि सोबत इमेज हा डेटाबेस, एवढ्यावर कारखान्यांचा स्टॉक, पगार आणि हिशेब वर्षानुवर्षं चालले. पुढे १९८० च्या दशकात युनिक्सवाला एचपी ९००० आला. १९८६ पासून एचपीने दोन्ही घराण्यांना पीए-रिस्क हा स्वतःचा प्रोसेसर द्यायला सुरुवात केली.

दरम्यान एक फाटा फुटला होता. एचपीत काम केलेल्या जिमी ट्रेबिग यांनी १९७४ साली टँडम ही कंपनी काढली आणि एचपीतलेच काही इंजिनिअर सोबत घेतले. त्यांचं गिऱ्हाईक ठरलेलं होतं: ज्यांना मशीन बंद पडणं परवडतच नाही असे लोक. १९७६ मधलं पहिलं मशीन सिटीबँकेने घेतलं. टँडममध्ये प्रोसेसर एकमेकांची मेमरी वापरत नाहीत, फक्त निरोप पाठवतात. महत्त्वाच्या प्रत्येक प्रोसेसची एक जोडीदार प्रत दुसऱ्या प्रोसेसरवर तयार असते. मुख्य प्रोसेस मोक्याच्या टप्प्यांवर ‘मी इथपर्यंत आलोय’ असं तिला कळवत राहते. मुख्य प्रोसेसर मेला की जोडीदार तिथूनच काम उचलते आणि समोरच्या माणसाला पत्ताही लागत नाही. डिस्क दोन, कंट्रोलर दोन, वीजपुरवठे दोन. किंमतही त्याच हिशेबाने.

मुंबईचा या घराण्याशी थेट संबंध आला तो दलाल स्ट्रीटवर. नोव्हेंबर १९९४ मध्ये नॅशनल स्टॉक एक्सचेंजने शेअर्सचे व्यवहार स्क्रीनवर सुरू केले. तिथे स्ट्रेटस या टँडमच्या प्रतिस्पर्ध्याची मशीन होती. मुंबई शेअर बाजाराला घाई करणं भाग पडलं. १४ मार्च १९९५ ला ‘बोल्ट’ सुरू झालं, ते टँडमवर. रिंगणातला आरडाओरडा आणि हातवारे संपले आणि दलाल कीबोर्डवर आले. त्या काळावर लिहिणारे रिंगणाच्या आठवणी भरभरून काढतात; टँडमचं नाव कोणी घेत नाही. एका अर्थी ही पावतीच म्हणायची, कारण अशी यंत्रं बंद पडली तरच बातमीत येतात.

आता कॉम्पॅक. १९८२ मध्ये ह्यूस्टनला सुरू झालेली ही कंपनी आयबीएमशी जुळणारे पीसी विकायची. १९८९ मध्ये तिने सिस्टिमप्रो काढला. पीसीचीच जात, पण दोन प्रोसेसर आणि डिस्कचा अ‍ॅरे सोबत. १९९३ मध्ये प्रोलायंट हे नाव आलं. युनिक्सवाले याला सर्व्हर म्हणायलाही तयार नव्हते. नोव्हेल नेटवेअर किंवा विंडोज एनटी टाकून फोर्टमधल्या सीए फर्मने फायली ठेवाव्यात, प्रिंटर वाटून घ्यावा, एवढीच त्याची पत. पण कॉम्पॅकच्या लोकांनी विचार केला होता तो सर्व्हर उघडणाऱ्या माणसाचा. प्रोलायंटचं झाकण काढलं की अजूनही तेच दिसतं: ज्या खटक्याला लालसर वाइनचा रंग, तो भाग मशीन चालू असताना ओढून काढता येतो, निळा असेल तर आधी पॉवर बंद करा. रात्री दोन वाजता मॅन्युअल न शोधता पंखा बदलणाऱ्याला या दोन रंगांची किंमत कळते. लॅमिंग्टन रोडवर जुना डीएल३८० प्रोलायंट घ्यायला गेलात तर दुकानदारही कॅडी (डिस्कचा ट्रे) त्याच खटक्याला धरून बाहेर ओढतो.

कॉम्पॅकला पीसीतून मोठं व्हायचं होतं. तिने १९९७ मध्ये टँडम आणि १९९८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट विकत घेतली. डिजिटलबरोबर व्हॅक्स संगणकांची परंपरा, ओपनव्हीएमएस ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि अल्फा हा त्या काळचा अतिशय वेगवान प्रोसेसर आला. मे २००२ मध्ये एचपीने कॉम्पॅकच गिळली आणि एचपीतून फुटलेला टँडमचा फाटा २८ वर्षांनी त्याच घरात परत आला. एचपीच्या पदरात आता एचपी ९०००, डिजिटलचा अल्फासर्व्हर, टँडमचा नॉनस्टॉप, प्रोलायंट आणि एचपीचा स्वतःचा पीसी सर्व्हर नेटसर्व्हर असा संसार जमला. एचपी ३००० चा निकाल नोव्हेंबर २००१ मध्येच लागला होता. नेटसर्व्हर बंद करून एचपीने कॉम्पॅकचा प्रोलायंट ठेवला. माझ्या मते त्या विलीनीकरणातला सर्वात शहाणा निर्णय हाच.

उरलेल्या महागड्या घराण्यांसाठी योजना एकच होती: इटेनियम हा प्रोसेसर. पीए-रिस्कच्या पुढचा प्रोसेसर एकट्याने बनवणं झेपणार नाही हे ओळखून एचपीने १९९४ मध्ये इंटेलशी हातमिळवणी केली होती. कॉम्पॅकनेही जून २००१ मध्ये, म्हणजे विलीनीकरणाची घोषणा व्हायच्या आधीच, अल्फा सोडून इटेनियमवर जायचं जाहीर केलं होतं. पुनर्विकासात होतं तसं झालं: तीन चाळी रिकाम्या करायच्या, सगळ्यांना एकाच टॉवरमध्ये जागा द्यायची, आणि टॉवरचं काम रेंगाळतंय. पहिला इटेनियम २००१ मध्ये आला तो उशिरा आणि अपेक्षेपेक्षा हळू. २००३ मध्ये एचपीने इटेनियमवाल्या सर्व्हरांची इंटेग्रिटी ही मालिका काढली, पण त्याच वर्षी एएमडीने ऑप्टेरॉन आणला. साध्या पीसीच्या प्रोसेसरला ६४ बिट मिळाले, तेही जुनी सॉफ्टवेअर न मोडता. २००४ मध्ये खुद्द एचपी ऑप्टेरॉनवाले प्रोलायंट विकू लागली. इंटेग्रिटीची कबर खोदायला परका लागला नाही.

बँकांना खरा हिसका बसला मार्च २०११ मध्ये. इटेनियमसाठी आपण यापुढे सॉफ्टवेअर बनवणार नाही, असं ओरॅकलने जाहीर केलं. भारतीय बँकांच्या कोअर बँकिंगखाली ओरॅकलचा डेटाबेस असणं नेहमीचंच, त्यामुळे एचपी-यूएक्सवर बसलेल्यांच्या पोटात गोळा आला. एचपी कोर्टात गेली. २०१२ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला आणि २०१६ मध्ये ज्युरीने ३ अब्ज डॉलरची भरपाई ठरवली. खटला जिंकला, पण विश्वास उडाला तो उडालाच. नवं मशीन घेताना लोक इटेनियमचं नाव टाळू लागले. शेवटचा इटेनियम २०१७ मध्ये आला आणि २०२१ मध्ये इंटेलने माल पाठवणंही थांबवलं. मधल्या काळात, नोव्हेंबर २०१५ मध्ये, कंपनीचीच वाटणी झाली. पीसी आणि प्रिंटर एचपी इन्ककडे, सर्व्हर हिरव्या चौकटीच्या एचपीईकडे (हुलेट पॅकार्ड एंटरप्राइझ).

टॉवरमधल्या भाडेकरूंचं पुढे काय झालं? एचपी-यूएक्स बाजारात एक्स८६ वर कधीच आलं नाही. इटेनियमवरही ते आकड्यातला मोठ्या वजनाचा बाइट आधी ठेवतं, तर एक्स८६ वरचं लिनक्स नेमकं उलट. त्यामुळे डेटाबेसच्या फायली नुसत्या कॉपी करून भागत नाही, त्या रूपांतरित कराव्या लागतात. माइग्रेशनच्या वेळापत्रकात त्यासाठी आणि नंतरच्या पडताळणीसाठी वेळ धरावा लागतो. ओपनव्हीएमएस एचपीने २०१४ मध्ये व्हीएमएस सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीकडे सोपवलं. तिने ते चिकाटीने एक्स८६ वर आणलं आणि २०२२ मध्ये ग्राहकांच्या हाती दिलं.

नॉनस्टॉपला तिसऱ्यांदा प्रोसेसर बदलावा लागला: आधी स्वतःच्या प्रोसेसरवरून मिप्स, मग मिप्सवरून इटेनियम, इटेनियमवरून २०१५ च्या सुमारास इंटेलचा एक्स८६ वाला झिऑन. दलाल स्ट्रीटने मात्र तोवर निरोप घेतला होता. २०१४ मध्ये मुंबई शेअर बाजाराने शेअर्सचे व्यवहार जर्मनीच्या डॉइच बोर्सच्या प्रणालीवर नेले, आणि ती लिनक्सवर चालते. नॉनस्टॉप अजून विकलं जातं, मुख्यतः एटीएम आणि कार्ड-पेमेंटच्या स्विचसाठी. आता ते व्हर्च्युअल मशीन म्हणूनही मिळतं.