सलाईनच्या नळीतला बुडबुडा

इंदूरच्या मराठी घरांतही हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय: ‘सलाईनच्या नळीतला एक बुडबुडा शिरेत गेला तरी माणूस दगावतो.’ काळजीपोटीच पुढे पाठवला जातो, पण तसं होत नाही.

सलाईनच्या नळीच्या बहुतेक साध्या सेटच्या पाकिटावर ‘२० थेंब = १ मि.ली.’ छापलेलं असतं, वाचून पाहा. म्हणजे थेंबाएवढा बुडबुडा १ मि.ली.चा विसावा भाग. हाताच्या शिरेतून तो फुप्फुसात जाऊन विरतो. धोका बरीच हवा एकदम गेल्यावर. म्हणूनच नर्स आधी नळीतून सलाईन सोडून हवा काढते.

बुडबुडा दिसला तर जरूर सांगा, पण शांतपणे. नव्या नर्सचे हात नातेवाइकांच्या आरड्याओरड्यानेच जास्त थरथरतात. तान्ही बाळं, हृदयात छिद्र असलेले पेशंट आणि मानेच्या मोठ्या शिरेतली नळी, इथे मात्र थोड्या हवेलाही जपावं लागतं.