काडेपेटीशिवाय विस्तव : नाशिक परिसरातील एका कसबाची पार्श्वभूमी

निसर्गशिबिरांत काडेपेटीशिवाय विस्तव करण्याचा सराव बहुधा आदिमानवाचा थेट वारसा म्हणून शिकवला जातो. नाशिकपुरते पाहिले, तर हा वारसा सलग नाही. त्यात घर्षणाची आणि ठिणगीची अशा दोन वेगळ्या परंपरा आहेत, आणि आजच्या शिबिरांतील धडा त्या दोन्हींहून बराच अलीकडचा आहे.

घर्षणाची पद्धत टिकली ती श्रौत, म्हणजे वैदिक, यज्ञविधीत. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातील एकोणतिसाव्या सूक्तात अरणींच्या, म्हणजे विस्तव काढण्यासाठी घासायच्या लाकडांच्या, मंथनाचे वर्णन आहे. शमीवर उगवलेल्या अश्वत्थाचे लाकूड अरणीसाठी श्रेष्ठ मानले जाते. खालची अधरारणी स्थिर ठेवून तिच्यावर उभा मंथा (घुसळायचा दांडा) दाबून धरायचा आणि त्याला गुंडाळलेली दोरी दुसऱ्याने आळीपाळीने ओढायची, म्हणजे लाकडाची काळपट भुकटी साचून धुमसू लागते. ती सुक्या गोवरीच्या चुऱ्यावर किंवा कापसावर घेऊन फुंकरीने फुलवतात. यंत्र म्हणून पाहिले तर शिबिरांत शिकवला जाणारा धनुष्याचा गिरमिट (धनुष्याच्या दोरीने दांडा फिरवण्याचे साधन) याहून फारसा वेगळा नाही, फक्त तो एकट्याने चालवता येतो.

ठिणगीची परंपरा मात्र घरगुती होती. सह्याद्रीच्या बेसाल्टातील पोकळ्यांत कॅल्सेडनी, अकीक, स्फटिक यांसारखे गारगोटीच्या जातीचे दगड तयार झाले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात अशा खनिजांचा मोठा संग्रह आहे. १९५०-५१ मधील नाशिकच्या उत्खननात निघालेली सूक्ष्मास्त्रे (दगडाची बारीक हत्यारे) अशाच दगडांची आहेत, परंतु त्यावरून त्या काळी लोक याच दगडांनी विस्तव करीत, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. दोन गारगोट्या एकमेकींवर घासल्या तर अंधारात उजेड दिसतो, पण त्याने काहीही पेटत नाही. पेटवणारी ठिणगी गारगोटीची नसून, तिच्या धारेने खरवडल्या गेलेल्या आणि हवेत जळणाऱ्या पोलादाच्या कणाची असते. म्हणजे चकमक, अर्थात गारगोटी आणि पोलादाने ठिणगी पाडण्याचे साधन, ही लोखंडानंतरची गोष्ट. ती ठिणगी झेलायला सावरीचा किंवा साधा, किंचित करपवलेला कापूस लागे, आणि खरे कसब तो कोरडा राखण्यात होते.

एरवी घरोघर विस्तव रोज नव्याने केला जातच नसे. रात्री निखारा राखेत झाकून ठेवायचा आणि तो विझलाच, तर शेजारून विस्तव आणायचा, ही रीत होती. स्वीडिश भांडवलावर १९२३ साली स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीसारख्या कारखान्यांनी काडेपेटी स्वस्त केली, तशी चकमक मागे पडली.

आजचा सराव आला तो बालवीर (स्काउट) चळवळीतून. तिचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर पहिले शिबिर घेतले, आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संघटना स्थापन झाली. मात्र स्काउटच्या पुस्तकांतून आलेली, पेटवणासाठीची बर्च झाडाची साल आपल्याकडे मिळत नाही. येथे सुके गवत, सावरीचा कापूस, नारळाचा काथ्या आणि गोवरी हेच साहित्य. पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यात हे सारे ओलसर होते, तर सिन्नर-येवल्याच्या कोरड्या बाजूला तेच काम तुलनेने सोपे जाते.

उन्हाळ्यात अडचण उलटी असते, कारण डोंगरउतारावरील वाळलेले गवत एका ठिणगीने पेटते. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात वनाधिकाऱ्याने अधिसूचित केलेल्या हंगामाखेरीज विस्तव पेटवणे, ठेवणे किंवा नेणे हा गुन्हा आहे. त्यामुळे हा सराव गावाकडच्या मोकळ्या, साफ केलेल्या जागेतच करावा लागतो.