चिंचेने घासू नये असे तांबे

मेइजी काळातील (१८६८–१९१२) जपानी धातुकलेच्या वस्तू लिलावात येतात, तेव्हा त्यांच्या किमतीचा मोठा भाग पृष्ठभागावरील काही मायक्रोमीटर जाडीच्या थरावर ठरतो. निळसर काळा, करडा, विटकरी असे हे रंग बाहेरून फासलेले नसतात. ते मिश्रधातूतूनच उमटवलेले असतात.

तांब्यात साधारण चार टक्के सोने मिसळले की ‘शाकुदो’ तयार होतो आणि बरीच अधिक चांदी मिसळली की ‘शिबुइची’. घडवून झाल्यावर दोन्ही कमी-अधिक तांबूसच दिसतात. मग वस्तू तेलकटपणा जाईपर्यंत स्वच्छ करून किसलेल्या मुळ्याच्या रसात बुडवतात आणि मोरचूद व जंगाल (तांब्याचा हिरवा क्षार) मिसळलेल्या पाण्यात उकळतात. तांब्यावर क्युप्रस ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि ते विटकरी होते. शाकुदोच्या थरात सोन्याचे अतिसूक्ष्म कण अडकल्याने प्रकाशाचे शोषण बदलते व तो निळसर काळा दिसतो. शिबुइची करडा होतो, तर शुद्ध सोने जसेच्या तसे राहते. एकाच भांड्यात, एकाच उकळीत चार रंग मिळतात, आणि मला या कलेतील हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते.

हे ज्ञान मुख्यतः तलवारीच्या साजाचे होते. १८७६ मध्ये सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगण्यास सरकारने बंदी घातली, तेव्हा अनेक कारागीर पाश्चात्त्य ग्राहकांसाठी फुलदाण्या व धूपपात्रे घडवू लागले. धातुकलाकार सुझुकी चोकिची यांचे बारा ससाणे १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात मांडले गेले. पिसांचे निरनिराळे रंग त्यांत धातूंनीच साधले आहेत.

संग्राहकाचा खरा शत्रू मात्र स्वच्छतेची हौस आहे. आपल्याकडे तांब्याचा हंडा चिंचेने लखलखतो, कारण आम्लात ऑक्साइड विरघळते. शाकुदोच्या डबीवर तोच प्रयोग केला, तर कारागिराचे अर्धे काम नाल्यात जाते. रंग पुन्हा उकळून आणता येतो, पण जाणकार ग्राहक त्याला मूळ रंगाचा भाव देत नाही. म्हणून धूळ मऊ ब्रशने झटकावी आणि खरेदीपूर्वी तळाशी, कडांशी निरखावे: तिथे झिजल्या जागी करडा-पांढरा धातू दिसला, तर ‘ब्राँझ’ म्हणून दाखवलेली ती वस्तू बहुधा रंग चढवलेल्या जस्ताची असते. तळावरच्या सहीवर मात्र विसंबू नये; ती मागाहूनही कोरता येते.