नाटकाला जाण्याआधी बुटाचं खोकं

इंदूरच्या मराठी घरांतली बरीच मुलं आजीशी मराठी बोलतात आणि शाळेत हिंदी-इंग्रजी. त्यांना मराठी नाटकाला नेलं, की मोठी माणसं हसतात तिथे ती शेजारच्याच्या तोंडाकडे बघतात. संवादातलं 'माजघर' त्यांनी ऐकलेलं असतं, पण ते घरात कुठे असतं हे फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलाला कसं कळणार? शब्दार्थ लिहून दिल्याने हे जमत नाही. बुटाच्या खोक्यात ओसरी, माजघर, स्वयंपाकघर पुठ्ठ्याने उभं करायला सांगितलं, की जमतं. नाटक बघण्याआधी वर्गात नेपथ्य, वेश आणि प्रकाश यांच्याशी मुलांना खेळू देण्याची पद्धत मला म्हणूनच फार मोलाची वाटते.

या पद्धतीचा अलीकडचा इतिहास परदेशातला आहे. इंग्लंडमध्ये कोव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरने 1965 मध्ये नटांना शाळांत पाठवायला सुरुवात केली. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरने 1975 मध्ये त्यासाठी स्वतंत्र संस्थाच काढली. प्रयोगाआधी कलावंताने वर्गात यावं आणि त्या कलाकृतीत जो प्रश्न सोडवलेला आहे, तोच मुलांनी आपल्या हातांनी सोडवून पाहावा, असा तिथला विचार. गोष्ट आधी सांगून टाकायची नाही, हे त्यातलं खरं मर्म. खोक्यातल्या रंगमंचाची मुळं मात्र आणखी जुनी आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून इंग्लंडात गाजलेल्या नाटकांची पात्रं आणि पडदे छापलेले कागद मिळत. मुलं ते रंगवून, कापून घरातल्या टेबलावर नाटक मांडत.

आपल्याकडे तर नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाचा, म्हणजे वेश, भूषणं आणि रंगवस्तूंचा, स्वतंत्र विचार आहे. चटया, चामडं, कापड यांपासून रंगमंचावरच्या वस्तू बनवण्याला त्यात 'पुस्त' म्हटलं आहे. नटाला ओझं होईल असे जड दागिने नकोत, असंही भरतमुनी सांगतात. पुठ्ठ्याचा मुकुट चिकटवणाऱ्या मुलाला हे जरूर सांगावं.

मराठी रंगभूमीचा इतिहासही या कामासाठी तयार धड्यासारखा आहे. 1843 मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा स्थळकाळाचा बराचसा भार सूत्रधाराच्या पदांवर होता. पुढे संगीत नाटकांत राजवाडा, रस्ता, अरण्य असे रंगवलेले पडदे आले. 1933 मध्ये नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा'ने रंगमंचावर खरीखुरी वाटणारी खोली उभी केली. आणि 1972 च्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये ओळीने उभी राहिलेली माणसंच पडदा झाली, भिंत झाली. वर्गाला एकच प्रसंग द्यावा, समजा वाड्याच्या दारात आलेला पाहुणा. एका गटाने तो नुसत्या गाण्याने उभा करावा, दुसऱ्याने रंगवलेल्या चादरीने, तिसऱ्याने बाकं लावून, चौथ्याने स्वतःच भिंत होऊन. सव्वाशे वर्षांचा प्रवास एका तासिकेत अंगातून जातो. मुलांना सर्वांत आवडते ती चौथी रीत.

इंदुरात याला आणखी एक आधार आहे. चित्रकलेचे शिक्षक देवळालीकर यांच्या इथल्या चित्रशाळेतून बेंद्रे, हुसेन यांच्यासारखे चित्रकार घडले. त्याच परंपरेतले विष्णू चिंचाळकर गुरुजी वाळलेली पानं, काटक्या, बिया, टाकाऊ तुकडे यांत आकार शोधत आणि मुलांनाही शोधायला लावत. महागड्या साहित्याची सबब सांगणाऱ्यांनी त्यांचं काम एकदा बघावं. टॉर्चवर लावायला जिलेटिनचा रंगीत कागद आणि आईची जुनी साडी एवढंही पुष्कळ होतं.

राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचं मुलांसाठीचं पथक 1989 पासून आहे. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही कलाशिक्षणाला दहावीपर्यंत विषयाचं स्थान द्यायला सांगितलं. तरी सहलीच्या यादीत नाटक असतं आणि त्याआधीच्या दोन तासिका नसतात. त्या मिळायलाच हव्यात. आणि खोकी प्रयोगानंतर लगेच टाकून देऊ नयेत. दुसऱ्या दिवशी मुलं आपापलं खोकं पुन्हा पुढ्यात घेतात, नेपथ्यकाराने दार डावीकडे का ठेवलं यावरून वाद घालतात, आणि एखादी मुलगी कात्री मागून आपलं दार हलवते.