जीपीएसचे उपग्रह आपला माग काढतात का?

‘जीपीएस सुरू ठेवलं की आपला ठावठिकाणा अमेरिकी लष्कराच्या उपग्रहांना कळतो,’ हा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. शंका येणं साहजिक आहे; ही यंत्रणा मुळात लष्करासाठीच उभारली गेली. पण सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचे हे उपग्रह फक्त वेळ आणि स्वतःची जागा प्रसारित करतात. किमान चार उपग्रहांचे संकेत टिपून आपली जागा फोनच काढतो, उपग्रहाकडे काहीही पाठवत नाही. रेडिओ कोण ऐकतंय हे केंद्राला कळत नाही, तसंच हे.

पडताळायचंय? नकाशा आधी डाउनलोड करा, एअरप्लेन मोड लावा, वाय-फायही बंद करा आणि मोकळ्या मैदानात थांबा. थोड्या वेळाने निळा ठिपका योग्य जागी येतो. माहिती बाहेर जाते ती ॲपमधून, इंटरनेटवरून. कोणत्या ॲपला लोकेशनची परवानगी दिली आहे, ते सेटिंग्जमध्ये जरूर पाहा.